एन्कार्नाबाईंचा चौक

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. दसरा नुकताच झाला होता. म्हणजे आमच्या खोलीतल्या खोलीत झाला होता. बाहेर स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात कुणाला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं. मी बादली घेऊन खाली चौकात उतरले, तशी धुण्याच्या दगडी डोणीपाशी चाललेली बडबड एकदम थांबली.

“इंदिया आली,” प्यूरा म्हणाली. मला ऐकू जाईल अशा बेताने.

प्यूरा ही चाळिशी ओलांडलेली विधवा. तळमजल्यावर राहायची, शिवणकाम करायची आणि कापडाबरोबर माणसांचीही मापं घ्यायची. बाकीच्या बायका डोणीत माना घालून हसल्या.

विहिरीपाशी एन्कार्नाबाई उभ्या होत्या. लांब वेताच्या टोकाला डबा बांधून त्या भिंतीवर उंच टांगलेल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, “काल दिवा लावला नाहीस, बात्साला.”

माझं नाव वत्सला. पण तिथल्या जिभेला ‘व’ जमत नसे.

“नाही लावला.”

“परवाही नाही.”

“नाही.”

“आजारी आहेस?”

“नाही, बरी आहे.”

“मग आज लावणार?”

“उद्यापासून लावीन.”

डब्यातलं पाणी कुंडीबाहेर सांडलं. एन्कार्नाबाईंच्या हातून पाणी सांडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. प्यूराने शेजारणीला कोपराने ढोसलं. मी बादली भरली आणि पाठीवर सगळ्यांचे डोळे घेऊन जिना चढले.

आम्ही त्या घरात आलो होतो फेब्रुवारीत. आमचे हे, श्रीपाद, मूळचे मिरजेचे. मुंबईला वास्तुरचना शिकले आणि स्पेनच्या सरकारची शिष्यवृत्ती मिळवून जुन्या चौकाच्या घरांचे नकाशे काढायला कोर्दोबाला आले. माझं माहेर मडगाव. प्राथमिक शाळेत पोर्तुगीज घोकलेलं, त्यामुळे स्पॅनिश मला निम्मं समजायचं आणि उरलेल्याचा अंदाज यायचा. तो अंदाज किती चुकू शकतो, ते पुढे कळलं.

परदेशी माणसाला तिथे आधी तीन महिन्यांनी आणि मग सहा-सहा महिन्यांनी राहण्याचा परवाना वाढवून घ्यावा लागे. पोलीस आधी घरी चौकशी करत. या भाडेकरूंबद्दल कुणाची काही तक्रार? कुणी ‘हो’ म्हटलं की संपलं. लष्करशहाची राजवट होती, कारण विचारायची सोय नव्हती. पुढची चौकशी नोव्हेंबरात होती. आम्हाला परत पाठवलं असतं तर यांचं काम अर्धवट राहिलं असतं, आणि त्या कामासाठी यांनी मुंबईची चांगली नोकरी सोडली होती.

आणि ‘हो’ की ‘नाही’ ते सांगणार होत्या एन्कार्नाबाई. त्या घराच्या कासेरा. कासेरा म्हणजे मालकाच्या वतीने घर राखणारी बाई. चौक झाडून घेणं, विहिरीवरच्या पाळ्या लावणं, भांडणं तोडणं, बाहेरचं दार वेळेवर लावणं, सगळं तिच्याकडे. वय साठीच्या पुढे, अंगावर कायम काळे कपडे, लग्न झालेलं नव्हतं.

घर मात्र मला पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं होतं. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती पांढरी आंधळी भिंत. आत देवडी, देवडीला लोखंडी जाळीचं दार, आणि मग अचानक आभाळ. मध्ये फरसबंद चौक, चौकात विहीर, चारी बाजूंना खांब, वरच्या मजल्यावर सज्जा. आमच्या गोव्याकडच्या जुन्या घरांत राजांगण असतं, तसंच. फक्त तुळशीच्या जागी विहीर. हे सांगायचे, एकेकाळी इथे एकच सरदार घराणं राहायचं. खाली घोडे, वर माणसं. उन्हाळ्यात सगळ्यांनी खाली यायचं, थंडीत वर जायचं. घराणं बुडालं, तशी खोल्या पाडून भाड्याने दिल्या. घोड्यांच्या पागेत प्यूरा, गाडीखान्यात पाथरवटाचं बिऱ्हाड, आणि सज्जावरच्या एका खोलीत आम्ही. एक विहीर, एक डोण, एक संडास. कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या दोरीवर काय वाळतंय, सगळं सगळ्यांना दिसायचं.

“भिंतीला कान असतात म्हणतात,” प्यूरा एकदा मला म्हणाली होती, “आमच्या चौकाला डोळे, नाक, दात सगळं आहे.”

आमच्या दाराशी सज्जात मी एका कुंडीत तुळस लावली होती. तुळस कुठली, त्यांचा तो रानसब्जा, डास येऊ नयेत म्हणून लावतात तो. पण वास जवळचा होता. दिवेलागणीला तिच्यापाशी मी तेलाचा दिवा लावायची. त्या वेळी सगळं घर नटूनथटून नदीकाठी फिरायला जायचं. तशी तिथली रीतच. हे ग्रंथालयातून उशिरा यायचे. मी दिवा लावून, हात जोडून आत जायची आणि स्वयंपाकाला लागायची.

फक्त महिन्यातले ते चार दिवस दिवा लागत नसे. निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, “तिकडे बघायला कोणी नाही म्हणून पाळायचं सोडू नकोस हो.” मी सोडलं नव्हतं. भीती म्हणा, आठवण म्हणा. त्या दिवसांत मी तुळशीला हात लावत नसे, चुलीशी जात नसे. सज्जाच्या कोपऱ्यात चटई टाकून अंधारात बसून राहायची. हे येऊन अंडी तळायचे. मिरजेच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. “तुझ्या सोवळ्याने मला बाटवलं,” असं म्हणायचे आणि चवीने खायचे.

पण ऑक्टोबरच्या त्या सकाळपासून मला जाणवायला लागलं, की माझ्यावर नजर आहे. एन्कार्नाबाई दिवेलागणीला खांबाआडून वर बघत. दिवा लागला की आत जात. शेजारणी मला काही विचारायला आल्या, की त्यांचे डोळे खोलीभर फिरत. कुणाला वाटत असेल मी चेटूक करते, कुणाला वाटत असेल मी आणखी काही आहे.

त्यात दोन फेर्मिन. ‘दोन’ म्हणजे तिथलं ‘श्रीयुत’. मालकाचे कारकून, बारीक मिशीचे, कायम हॅट घातलेले, देवडीलगतच्या खोलीत राहायचे. ते पोलिसांना बातम्या पुरवतात असं सगळे कुजबुजत आणि म्हणूनच सगळे त्यांना वाकून नमस्कार करत. हे चौकाची मापं घेत होते आणि मी फितीचं टोक धरून उभी होते, तेव्हा ते येऊन थांबले.

“आमच्या भिंती किती जाड आहेत, हे हिंदुस्थानला कशाला हवं?”

“हिंदुस्थानला नको आहे, दोन फेर्मिन. मलाच हवं आहे,” हे हसून म्हणाले.

“असं कसं? कुणीतरी पैसे देतंच ना.”

“तुमचंच सरकार देतं.”

“सरकार,” ते म्हणाले, आणि हॅट नीट करून निघून गेले. त्यांना ते आवडलं की नाही, काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी हे कागदावर बेरजा करत बसले. “गंमत बघ, जिन्याच्या बाजूला दीड हात हरवलाय.”

“म्हणजे?”

“चौकातून मोजलं तर लांबी जास्त भरते. जिना आणि एन्कार्नाबाईंची खोली मिळून तेवढी होणार नाही, असं वाटतं. खोली आतून मोजायला हवी.”

एन्कार्नाबाईंनी खोली मोजू दिली नाही. “मी एकटी बाई. परका पुरुष माझ्या पलंगापाशी फीत घेऊन वाकलाय, हे शोभत नाही,” एवढं म्हणाल्या. यांनी तो विषय सोडून दिला. पण मला एक गोष्ट खटकली. दर वसंतात सगळं घर मिळून भिंतींना चुना लावायचं. त्या जिन्यालगतच्या भिंतीला मात्र एन्कार्नाबाई कुणाला हात लावू देत नसत. आणि मे महिन्यात शहरातल्या चौकांची स्पर्धा होई, तीत आमचं घर कधी उतरत नसे. एवढा देखणा चौक, आणि परीक्षक नको! पाथरवटाची बायको त्यावरून दरवर्षी भांडायची.

नोव्हेंबरची दोन तारीख तिथे मेलेल्यांची. सगळं घर शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात गेलं. एन्कार्नाबाईही गेल्या. तीस वर्षांपूर्वीच्या यादवी लढाईत हरवलेल्या त्यांच्या भावासाठी त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घ्यायच्या. मी बाजूला बसले होते. सज्जाच्या कोपऱ्यात चटईवर, अंधार पडत आलेला, दिवा नाही.

खाली चौकात एक माणूस होता.

भिंतीला एक हात लावून तो भिंतीकडेने चालत होता. पाय अनवाणी. कोपरा आला की वळायचा. पुन्हा कोपरा, पुन्हा वळायचा. तोंड चुन्यासारखं पांढरं. एका कुंडीपाशी थांबला, जास्वंदीसारखं लाल फूल होतं त्याला नाक लावून उभा राहिला. मग पुन्हा चालणं.

देवडीत कुणीतरी मोठ्याने खोकलं. क्षणभर मी तिकडे पाहिलं. परत पाहिलं तर चौक रिकामा. लोखंडी दार करकरलं नव्हतं. जिन्यावर कुणी चढलं नव्हतं.

खोकत आले ते दोन फेर्मिन. चौकाच्या मधोमध उभं राहून त्यांनी वर पाहिलं. “सेन्योरा अंधारात बसतात?”

“गरम होतंय म्हणून.”

“नोव्हेंबरात?” ते म्हणाले. “आणि तिथून काय काय दिसतं?”

“काही नाही.”

“काही न दिसणं चांगलंच,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

हे आल्यावर मी सगळं सांगितलं. हे कढईत अंडी फोडत होते.

“चोर असेल.”

“चोर फुलांचा वास घेत फिरतो?”

“मग आपल्यावर नजर ठेवायला बसवलेला माणूस.”

“अनवाणी?”

यांनी झारा खाली ठेवला. “हे बघ वत्सला, चौकशी आठ-दहा दिवसांवर आलीय. घरात परका माणूस फिरतो, तुला दिसला, फेर्मिनला ठाऊक आहे तुला दिसला. उद्या काही निघालं तर म्हणतील, यांनी लपवलं. आपणच आधी पोलिसांना सांगितलेलं बरं. सोमवारी जातो.”

मला ते पटलं. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाहेर पडले आणि एन्कार्नाबाई वर आल्या. हातात चुन्याची बादली आणि कुंचला, म्हणजे कुणी पाहिलं तर कामाला आल्यासारखं. आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

“मालकाचा निरोप आला आहे,” त्या म्हणाल्या. “फेर्मिनने आणला. घर विकायचं आहे, तुझ्या नवऱ्याचा नकाशा हवा आहे. परवा माझी खोली मोजायची, फेर्मिन समोर उभा राहणार. हे तुम्ही घडवून आणलंत.”

“आम्ही? नाही हो!”

“मग आता खरं सांग. फेब्रुवारीपासून बघते आहे. दिवा लागतो, लागतो, आणि मग चार दिवस नाही. पुन्हा लागतो, आणि पुन्हा चार दिवस नाही. सणवार मला पाठ आहेत, तुझ्या या दिवसांना कुठला संत नाही. अंधारात बसून खाली बघत असतेस. कुणाला खूण करतेस?”

“कुणाला नाही.”

“पोलिसांना मी एक शब्द सांगितला, तर तुम्ही बोटीत बसाल.”

“आणि मी एक शब्द सांगितला तर?” माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांचा चेहरा बादलीतल्या चुन्यासारखा झाला. मग मलाच रडू फुटलं. या गोष्टीला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात ते शाळेत शिकवलं नव्हतं. मला घरचाच शब्द ठाऊक होता. तोच मी भाषांतर करून टाकला.

“मला कावळा शिवतो.”

“काय?”

“कावळा. महिन्यातून एकदा. चार दिवस. तेव्हा दिवा लावायचा नसतो.”

एन्कार्नाबाईंनी बादली हळूच खाली ठेवली. आवाज एकदम उतरला. “कुठला कावळा?”

मला काय ठाऊक, की काळ्या झग्यातल्या पाद्र्याला तिथे लोक पाठीमागे कावळा म्हणतात!

“काळा. सगळे काळेच असतात.”

“आपल्या चर्चमधला? दोन आन्सेल्मो?”

“नाही, कुठलाही. तो घरात येत नाही.”

“घरात न येता शिवतो?”

“म्हणजे खरा शिवत नाही हो. तसं म्हणायचं. सगळ्याच बायकांना शिवतो. माझ्या आईला शिवायचा, सासूबाईंना शिवायचा—”

“सासूलाही!” त्यांनी छातीवर क्रूस काढला. “आणि तुझ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे?”

“आहे ना. ते मग अंडी तळतात.”

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की काहीतरी भलतंच झालं आहे. मी उठले, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात दोरीवर फडक्यांची रांग वाळत होती ती दाखवली आणि पोटावर हात ठेवला.

त्या फडक्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. एन्कार्नाबाई हसत होत्या, तोंडावर काळा पदर... पदर कुठला, ओढणी दाबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गुदमरून हसत होत्या.

“अगं पोरी! ते होय! अगं, त्या दिवसांत मी इथल्या एकीलाही नेच्याच्या कुंड्यांना हात लावू देत नाही. करपतात. प्यूरा लबाडी करते, ते मला नेच्यावरून कळतं. आणि मी नऊ महिने समजते आहे की तू...” त्यांना पुढे बोलवेना. मीही हसायला लागले.

मग हसू थांबलं. त्यांचं आधी थांबलं.

“म्हणजे मेलेल्यांच्या दिवशीही तू बाहेरच बसली होतीस.”

“हो.”

“दिसलं काही?”

मी मानेने हो म्हटलं. बाहेर प्यूरा गाणं म्हणत कपडे आपटत होती.

“सिप्रियानो,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ.”

“ज्याच्यासाठी प्रार्थना म्हणवता?”

“तोच. शेतमजुरांच्या संघाचा चिटणीस होता. लढाई हरल्यावर त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना कबरस्तानाच्या भिंतीशी उभं केलं. याला मी आणि आईने आमच्या खोलीच्या भिंतीआड घेतलं, कपाटामागून वाट ठेवली आणि भिंत लिंपली. फ्रान्समध्ये मेला अशी बातमी आम्हीच पसरवली. आई गेली, तेव्हा त्याने भिंतीआडून ऐकलं. मी कासेरा झाले ती त्या खोलीसाठी. बाहेरचं दार माझ्या हातात राहावं म्हणून. सगळे फिरायला जातात तेवढा वेळ तो चौकात येतो. तू आलीस आणि तो वेळही गेला. मग लक्षात आलं, दिवा लागला की तू चुलीशी जातेस. तुझ्या दिव्यावर मी त्याला बाहेर काढायची. दिवा नसला की नाही. काल मी घरात नव्हते, आणि त्याला राहवलं नाही.”

खोलीत चुन्याचा ओला वास भरला होता.

“परवा फीत लागली की बेरीज चुकणार,” त्या म्हणाल्या. “फेर्मिन बेरजाच करत जन्माला आला आहे. बात्साला, नवऱ्याला सांगायचं नाही. तो चांगला आहे. पण चांगल्या माणसांना खोटं बोलता येत नाही.”

त्या संध्याकाळी मी यांना म्हणाले, “पोलिसांकडे जाऊ नका.”

“का?”

“का ते विचारू नका.”

लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि यांच्यापासून काही लपवायची ही माझी पहिलीच वेळ. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा तो चौक माझ्याकडे बघायचा. “कुणी धमकावलं तुला?”

“नाही.”

“त्या माणसाला ओळखतेस तू?”

“विचारू नका म्हटलं ना.”

हे जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मोजणीच्या दिवशी एन्कार्नाबाईंच्या खोलीत आम्ही चौघं होतो. पलंग, मरियमची तसबीर, एक कपाट. कपाट जिन्याच्या बाजूच्या भिंतीला टेकलेलं. दोन फेर्मिन दारात उभे राहिले, हॅट हातात. “आकडे मोठ्याने सांगा, दोन सिरीपा. मी मनात मिळवत जाईन.” श्रीपादचं त्यांनी सिरीपा केलं होतं.

एन्कार्नाबाई खिडकीशी जपमाळ ओढत होत्या.

मी नेहमीप्रमाणे फितीचं टोक घेऊन कपाटाच्या बाजूला सरकले आणि भिंतीशी वाकले. सगळ्यांकडे पाठ होती. टोक भिंतीला न लावता मी मुठीत घेतलं. आणखी घेतलं. दीड हात फीत मुठीत गोळा करून मूठ भिंतीला टेकवली, म्हणजे खोली तेवढीच लांब भरणार. कापडी फीत, तिचा आवाज झाला नाही.

“नीट धरलीस?” यांनी मराठीत विचारलं.

“धरली.”

फीत ताणली गेली. यांनी आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर केली. मी मान वळवून पाहिलं तेव्हा हे माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मुठीकडे बघत होते.

“काय झालं?” फेर्मिन म्हणाले. “चुकली का फीत?”

एन्कार्नाबाईंची जपमाळ थांबली.

“नाही,” हे म्हणाले, आणि स्पॅनिशमध्ये खणखणीत आवाजात आकडा सांगितला.

फेर्मिननी डोळे मिटले, ओठ हलवले. “जिना मिळवला, भिंत मिळवली... जुळतं?”

“जुळतं.”

“भिंती जाड आहेत मात्र.”

“जुनी घरं, दोन फेर्मिन. उन्हाळ्यासाठी बांधलेली.”

“सांगू मालकाला तसं,” ते म्हणाले. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग एन्कार्नाबाईंकडे, मग हॅट डोक्यावर चढवून बाहेर गेले. चौकातून जाताना ते खोकले. एकदाच.

हे फीत गुंडाळत राहिले. मला काही विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि वर खोलीत गेल्यावरही नाही. चौकशीला पोलीस आले, एन्कार्नाबाईंनी त्यांना सांगितलं, “हिंदू आहेत, पण सभ्य.” परवाना वाढला.

पुढच्या एप्रिलात रेडिओवर बातमी आली. लढाईच्या काळातले सगळे गुन्हे माफ. घरात कुणी आनंद केला नाही. कोण कुणाकडे बघतंय ते बघण्यातच सगळे गुंतले. एन्कार्नाबाई मला विहिरीपाशी पुटपुटल्या, “सापळा असेल.” आठवडा गेला, दुसरा गेला.

मग एका दुपारी डोणीपाशी सगळ्या बायका असताना एन्कार्नाबाईंच्या खोलीचं दार उघडलं आणि त्या एका माणसाचा हात धरून बाहेर आल्या. त्याने डोळ्यांवर हात घेतला होता. दुपारचं ऊन त्याने कोवळा जवान असताना शेवटचं पाहिलं होतं. पाथरवटाच्या बायकोच्या हातातून साबण निसटला. दोन फेर्मिन आपल्या दारात आले, बघत राहिले, आणि त्यांनी हॅट काढली.

पहिली बोलली प्यूरा. “एवढी वर्षं एकट्या बाईच्या घरात दोन माणसांची डाळ शिजते, हे मला काय दिसत नव्हतं? मला वाटलं होतं, निदान देखणा तरी असेल!”

आणि तो माणूस हसला. आवाज न करता, सवयीने.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, “किती गं होती खरी फट?”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, दीड हात.”

“हं,” हे म्हणाले. “तरी बरं, मी दीडच हात म्हटलं होतं. त्याहून जास्त तुझ्या मुठीत मावलं नसतं.”

आम्ही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परतलो. यांचा नकाशा पुढे छापून आला, चुकीच्या मापासकट; यांनी तो कधी दुरुस्त केला नाही. यांनी पुण्यात बरीच वर्षं शिकवलं आणि दोन हजार चारमध्ये हे गेले. दोन फेर्मिन निवृत्त होऊन लेकीकडे मालागाला राहायला गेले. ते खबऱ्या होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही. मालकाने घर विकलं. आता तिथे हॉटेल आहे, जिन्यालगत लिफ्ट बसवली आहे, असं माझी नात पाहून आली.

सिप्रियानोला रस्त्यावर सरळ चालता येत नसे. थोडं चालला की भिंत आल्यासारखा वळायचा. त्याला धरून सरळ न्यायचं काम प्यूराने अंगावर घेतलं. वर्ष उलटायच्या आत दोघांनी लग्न केलं आणि गावाबाहेर एक खोली घेतली. तो शहात्तर साली गेला, प्यूरा त्याच्यानंतर पुष्कळ जगली.

एन्कार्नाबाईंना नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. त्र्याहत्तर साली आम्ही एका परिषदेसाठी स्पेनला गेलो होतो, तेव्हा मी त्यांना भेटून आले. चौक नाही, विहीर नाही; लांबलचक जिना आणि सारखी दारं. त्यांनी कॉफी केली. भावाचं विचारलं तर कॉफीत चमचा फिरवत राहिल्या.

“लग्नाला गेले नाही मी,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं सरकारला सापडला नाही. प्यूराला तीन महिन्यांत सापडला.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. उठल्या, दार किलकिलं करून जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं, आणि पुन्हा कडी लावून घेतली.